अज्जाचा पहिला नियम

माझ्या एका विद्यार्थिनीच्या हाताखाली मी काम करतो. पहिली दोन वर्षं तिने मला एकदाही ‘सर, हे चुकलंय’ असं म्हटलं नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, काय भाग्यवान माणूस. मला मात्र त्यात हळूहळू अपमान दिसायला लागला, इतका की शेवटी शेवटी मी राजीनामा लिहून शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होतो.

मी धारवाडचा. आमच्या घरात तीन पिढ्यांची मास्तरकी. आजोबा मराठी शाळेत, वडील हायस्कुलात आणि मी एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला. सव्वीस वर्षं शिकवलं. मग मुलं कमी होत गेली, आमचा विभाग बंद झाला, आणि बावन्नाव्या वर्षी मी हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका इमारतीत, सातजणांच्या छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागलो. खाली स्टेशनरीचं दुकान, समोर शाळा. शाळेची घंटा झाली की माझा हात अजूनही टेबलावर डस्टर शोधतो.

मुलाखतीला आत गेलो तर टेबलापलीकडची बाई ताडकन उठून उभी राहिली. “सर, तुम्ही?” म्हणाली. टीमची प्रमुख माझी विद्यार्थिनी निघाली. जवळच्याच अळणावर गावची. घरी मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि घाईत असली की दोन्ही एकाच वाक्यात. चेहरा ओळखीचा वाटला, त्यापलीकडे मला काही आठवेना. तिने एकही प्रश्न विचारला नाही. “तुम्हाला मी काय विचारायचं सर, तुम्हीच शिकवलात की मला,” असं म्हणून नोकरी देऊन टाकली. तेव्हा मला ते फार गोड वाटलं. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या दिवशी चारचौघांत मी तिला ‘मॅडम’ म्हणून पाहिलं, तर ती एवढी ओशाळली की दिवसभर माझ्याकडे बघेना. मग आमचं जुनंच चालू राहिलं. मी तिला तू, ती मला सर. तिच्या काचेच्या खोलीत मी शिरलो की ती उठून उभी राहायची. आम्ही दोघं बोलायला लागलो की नव्या माणसाला कळत नसे, इथे साहेब कोण आहे.

आम्ही लहान इस्पितळांसाठी एक प्रोग्रॅम बनवतो. डायलिसिसला येणाऱ्या रुग्णांच्या वेळा लावण्याचा. मूत्रपिंड निकामी झालेली माणसं आठवड्यातून दोन-तीनदा येतात आणि चार-चार तास यंत्राला जोडलेली असतात. यंत्रं थोडी, माणसं फार, म्हणून वेळा जपून लावाव्या लागतात. आणि सातजणांनी मिळून एकच प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे सात जावांनी एका स्वयंपाकघरात वावरायचं. मिठाचा डबा कुठे असतो हे ठरलेलं नसेल तर कुणी ना कुणी खिरीत मीठ घालणारच.

म्हणून नियम असतात. नावं कशी द्यायची, ओळ किती लांब असावी, कुठे किती जागा सोडायची. आपण लिहिलेला तुकडा पाठवला की आधी एक यंत्रच तो तपासतं. नियम मोडलेला दिसला की लाल ओळी उमटतात आणि तुकडा परत येतो. सगळं नीट असलं तर हिरवी खूण येते, मग टीममधला कोणीतरी माणूस तो वाचतो, खाली शेरे लिहितो, आणि मग तो तुकडा मुख्य प्रोग्रॅममध्ये जातो. हे शेरे सातही जणांना दिसतात.

या तपासणाऱ्या यंत्राला ऑफिसात सगळे ‘अज्जा’ म्हणतात. आमच्याकडे कन्नड काय, मराठी काय, दोन्ही घरांत आजोबा असतो तो अज्जा. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चप्पल नीट काढ, पाय धू, एवढ्या मोठ्याने हसू नको, असं म्हणणारा. “अज्जानं परत पाठवलं”, “अज्जा आज सकाळपासून तापलाय”, हे रोजचं बोलणं. गंमत अशी की अज्जाचं कोणाला वाईट वाटत नसे. तो सगळ्यांना सारखाच बोलतो.

अज्जाच्या नियमांची एक फाइल होती. नियम इंग्रजीत, पण प्रत्येकाखाली तो का आहे ते एका ओळीत, कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत. पहिलाच नियम असा होता की व्हेरिएबलला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एखादी गोष्ट ठेवायच्या डब्याला, माणसाचं, देवाचं किंवा गावाचं नाव द्यायचं नाही. खाली ओळ होती, ‘नावाने काम सांगावं, गाव नव्हे.’ मला ती फार आवडली. कोणीतरी जाणत्या माणसाने लिहिलीय, असं मी पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलंही. ती नुसती हसली.

आता माझ्या सवयी. सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिलं की नावं आखूडच होतात. खडूही वाचतो आणि तासही. मी एक्स, वाय लिहिणार, नाहीतर टेंप एक, टेंप दोन. जुनी ओळ चुकली तर खोडायची नाही, तिच्यावर रेघ मारून बाजूला ठेवायची, मुलांना आपण काय बदललं ते दिसावं म्हणून. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख आणि आपली सही. हे सगळं मी इथेही तसंच सुरू ठेवलं.

दुसऱ्यांच्या तुकड्यांखाली ती काय लिहायची ते मी वाचत असे. ‘हे दोनदा आलंय.’ ‘का?’ ‘समजलं नाही, परत लिही.’ दोन शब्दांत कान उपटायची. माझ्या तुकड्याखाली मात्र नेहमी एकच असे. ‘छान, सर. मंजूर.’ सुरुवातीला मी खुशीत होतो. म्हटलं, हत्ती म्हातारा झाला तरी हत्तीच.

मग तीन-चार महिन्यांनी अज्जा माझ्यावर गुरगुरायला लागला. एका सोमवारी फाइलीत नवा नियम आला की एका अक्षराचं नाव चालणार नाही. माझा अख्खा तुकडा लाल. पंधरा दिवसांनी आणखी एक, की रेघ मारून ठेवलेल्या जुन्या ओळी चालणार नाहीत. पुन्हा लाल. मग आलं की एक काम चाळीस ओळींच्या वर जाता कामा नये. माझी कामं दोन-दोन पानांची असत. प्रत्येक वेळी बाकीच्यांचे तुकडे हिरवे आणि माझा होळीतून निघाल्यासारखा. शेवटी एक दिवस नियम आला की पानाच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सातजणांत हे करणारा मी एकटाच होतो.

प्रोग्रॅमची चाचणी घेणाऱ्या आमच्या एक बाई आहेत, चाळिशीच्या, फटकळ. मी तणतणत त्यांना म्हणालो, “हे नियम माझ्यासाठीच होतायत असं नाही वाटत तुम्हाला?”

“मग? आता कळालं होय सर?” गिरमिटाचा, म्हणजे आमच्याकडच्या चुरमुऱ्यांच्या भेळेचा, कागद चुरगाळत त्या म्हणाल्या. “तुम्हाला बोलायला तुमच्यापेक्षा मोठं कोणतरी पाहिजे की. म्हणून आधी चेकर होता, तुम्ही आल्यावर त्याचा अज्जा झाला.”

त्या हसल्या. मीही हसलो, पण तो दिवस माझा वाईट गेला.

ही पद्धत मला नवी नव्हती. माझी आई माझ्या आजोबांशी कधी समोरासमोर बोलली नाही. आमटी त्यांनी पुन्हा गरम करायला लावली की ती पातेल्याला म्हणायची, “बाई गं, तुला आज तिसऱ्यांदा चढवतेय, तुझं नशीब.” पातेलं काही बोलत नसे, आजोबा मात्र गुपचूप जेवायचे. लहानपणी आम्हाला त्याची मजा वाटायची. पण ज्याच्यासाठी पातेल्याशी बोलावं लागतं, त्या माणसाला कसं वाटत असेल, हा विचार माझ्या मनात आला तो लॅमिंग्टन रोडवर, लाल ओळींकडे बघताना.

वाटतं ते असं की आपण कामातून गेलो. बाकी सहाजण एकमेकांना झापतात, वाद घालतात, दुपारी एकत्र चहा पितात. त्यांचं ते भांडण म्हणजेच त्यांचं काम. मी त्यात नव्हतो. मला भिंतीवर लावून ठेवलं होतं, रोज हार घालायला. मला हार नको होता. मला फक्त इतरांसारखं ‘का?’ असं कोणी विचारायला हवं होतं. ज्याच्या चुका काढायच्या नाहीत असं ठरतं, त्याच्या कामाचाही काही भरवसा धरलेला नसतो. शिकवण्यातली सव्वीस वर्षं मी याच न्यायाने काढली होती. ज्याच्यावर आशा आहे त्याच्यावरच मी ओरडायचो.

राजीनामा मी तेव्हा लिहिला. चार ओळींचा, प्रकृतीचं कारण देऊन. खिशात ठेवला आणि ठरवलं की पुढचा मोठा तुकडा पुरा करून द्यायचा.

तो तुकडा असा होता. एखादा रुग्ण ठरलेल्या वेळेला आला नाही, तर त्याला पुढची वेळ कशी द्यायची. मी तीन दिवस मन लावून लिहिलं. नावं लांब आणि स्वच्छ दिली, कामं चाळीस ओळींच्या आत ठेवली, डोक्यावर सही नाही. पाठवला आणि पहिल्या झटक्यात हिरवी खूण आली. खोटं कशाला सांगू, मला पास झालेल्या पोराइतका आनंद झाला. अज्जाला बोलायला जागा ठेवली नव्हती.

आता तिचं ‘छान, सर’ यायचं बाकी होतं. ते आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बाकीचे तुकडे ती वाचत होती, माझा तेवढा तसाच पडून. सोमवारी हा भाग एका इस्पितळात चालवून बघायला जायचा होता आणि आज गुरुवार. मी तिच्या काचेकडे बघायचो, ती मान खाली घालायची. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती स्वतः माझ्या टेबलाशी आली.

“सर, चहाला जाऊया?”

दोन वर्षांत तिने मला चहाला बोलावलं नव्हतं. मी खिशाला हात लावून पाहिला. म्हटलं, बरं झालं, तिथेच देऊन टाकू.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही आतल्या टेबलावर बसलो. तिने दोन चहा सांगितले, पाण्याचा पेला इकडून तिकडे सरकवला, माझ्या मुलीची चौकशी केली, धारवाडात ऊन किती आहे ते विचारलं. मग एकदम म्हणाली, “सर, तुम्ही तोंडी परीक्षा घ्यायचात, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? रोल नंबरप्रमाणे.”

“कोण गैरहजर राहिला तर?”

“तर काय? त्याला सगळ्यात शेवटी. सगळ्यांचं झाल्यावर. संध्याकाळपर्यंत बसेल बाहेर.” मी जुन्या जोरात म्हणालो. “वेळेवर आलेल्यांनी का म्हणून थांबायचं? त्याशिवाय शिस्त लागत नाही.”

ती पेल्याकडे बघत राहिली.

चहा आला. मी एक घोट घेतला आणि दुसरा घेताना मला माझा तुकडा दिसला, ओळ न् ओळ. वेळ चुकवलेल्या रुग्णाला मी रांगेच्या शेवटी टाकलं होतं. ज्याची सोमवारची वेळ हुकली, त्याला सगळ्यांचं झाल्यावर, पुढच्या रिकाम्या जागेत, कदाचित शुक्रवारी. आणि डायलिसिसला ज्याची एक वेळ हुकलीय त्याच्या अंगात पाणी साठत असतं, श्वास लागत असतो. त्याला सगळ्यात आधी घ्यायचं असतं. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

इतका स्वच्छ लिहिलेला तुकडा मी आयुष्यात लिहिला नव्हता, आणि इतका चुकीचाही.

मी घाबरलो. आणि घाबरलो की मी चिडतो, हा माझा जुना रोग आहे. “हे तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“पाठवलात त्याच दिवशी.”

“आणि दोन दिवस काय करत होतीस?”

“नियम शोधत होते सर. अज्जाला सांगता येईल असा.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “नाही सापडला.”

माझा ताबाच सुटला. हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली असतील, मला भान नव्हतं. म्हटलं, “उद्या तिथे माणूस मेला असता तरी तू नियमच शोधत बसली असतीस? एवढा म्हातारा झालोय मी? एवढा मोडकळीला आलोय की माझ्याशी बोलायला यंत्र लागतं? दोन वर्षं तू मला छान सर, छान सर म्हणून फसवलंस!”

“सिट्टागब्याड्री, सर,” ती म्हणाली. रागावू नका. अवघड बोलायचं असलं की ती कन्नडमध्ये शिरते. मग मला नीट कळावं म्हणून की काय, पुन्हा मराठीत आली. “तुमच्या वयाचं नाही हो ते. अज्जाचं नाव नंतर पडलं, पण चेकर तुमच्या आधीपासून आहे. टीम झाली त्या दिवसापासून. मीच केला. पहिला नियम मी लिहिला.”

“मग?”

“तो तुमचा आहे, सर.”

मला काही कळेना.

ती सांगायला लागली. मध्ये मध्ये थांबत, माझ्याकडे न बघता. दुसऱ्या वर्षाला असताना ती रोज सकाळी अळणावरहून पॅसेंजरने धारवाडला यायची. घरी कॉम्प्युटर नव्हता. प्रोग्रॅम वहीत लिहायचा, तोही गाडीतच, कारण घरी कामं असायची, आणि कॉलेजात येऊन टाइप करायचा. गाडी हलत असताना लिहिता येत नसे, स्टेशनवर थांबली की लिहायची. म्हणून ज्या स्टेशनावर जे व्हेरिएबल सुचलं त्याला तिने त्या स्टेशनाचं नाव दिलं. अळणावर, कंबारगणवी, मुगद, क्यारकोप्प, धारवाड. प्रोग्रॅम बरोबर होता, चालत होता. मी ती वही उचलली आणि वर्गासमोर वाचून दाखवली.

“तुम्ही म्हणालात, हा प्रोग्रॅम आहे की पॅसेंजर? सगळ्या स्टेशनांवर थांबतेय. सगळे हसले. मग म्हणालात, नावाने काम सांगावं, गाव नव्हे.” तिने पेला बाजूला सरकवला. “बरोबरच होतं ते. तेव्हापासून मी विचार केल्याशिवाय नाव देत नाही. पण मला फार लागलं होतं सर. वर्षभर मी शेवटच्या बाकावर बसले. ते हसणं अजून ऐकू येतं मला कधी कधी. म्हणून माझी टीम झाली तेव्हा ठरवलं, अशा बारीक चुका कुणाच्या कुणी काढायच्या नाहीत, यंत्राला काढू दे. यंत्र कुणाला हसत नाही.”

“पण बाकीच्यांना तर तू झापतेस.”

“त्यांना झापते. तुम्हाला बोलायला गेले की मी परत त्या वर्गात उभी राहते. तुमच्या वेळेला माझा हातच चालत नाही.”

मला ती गोष्ट आठवत होती. हेच सगळ्यात वाईट. पॅसेंजरची गंमत मला शब्दन् शब्द पाठ होती, कारण पुढची कितीतरी वर्षं मी ती दर नव्या वर्गाला सांगितली होती. दरवर्षी हशा वसूल केला होता. घरी पाहुण्यांनाही सांगितली होती. फक्त ती वही कोणाची होती आणि विनोदानंतरचं ते नावाचं वाक्य, हे दोन्ही मला आठवत नव्हतं. त्या मुलीचा चेहरा मी पार पुसून टाकला होता आणि विनोद तेवढा जपून ठेवला होता.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. दोन वर्षं मी समजत होतो की ही माझा मान राखतेय, आणि त्या मानाला मी कंटाळलोय. मान कसला, ती एक जुनी जखम होती, माझ्याच हातची.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. मास्तरांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाक्य जड जातं. आमच्या तीन पिढ्यांत कोणी विद्यार्थ्याला ते म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

ती खुर्ची मागे सारून उभीच राहिली. “सर, तसं नका हो म्हणू.”

“बस आधी. आणि एक ऐक. ही चूक तू मला इथे सांगितलीस, बरं केलंस. पण यापुढे माझ्या तुकड्याखाली लिहायचं. तुझ्या नावाने. सगळ्यांना दिसेल असं.”

“सगळ्यांसमोर?” ती दचकली. “मला नाही जमणार, सर.”

“मला हवंय म्हणून सांगतोय.”

“बघू,” ती म्हणाली. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाही.

राजीनामा खिशातच राहिला. पुढे तो शर्टाबरोबर धुण्यात गेला आणि त्याचा लगदा पाहून बायकोने विचारलं, हे काय होतं? मी म्हटलं, बसचं जुनं तिकीट.

वर आल्यावर मी तुकडा उघडला. सगळ्यांना दिसेल असं खाली स्वतःच लिहिलं की यात माझी गंभीर चूक आहे, वेळ हुकलेला रुग्ण आधी यायला हवा, मी त्याला शेवटी टाकला आहे, आणि ही चूक प्रमुखांनी दाखवली. मग दुरुस्त करायला बसलो. चाचणीवाल्या बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, वाचलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता परत गेल्या.

दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. अशा वेळी सोबत एक चाचणीही लिहायची असते. खोटे चार-पाच रुग्ण घ्यायचे, त्यांच्या वेळा लावायच्या, एकाची चुकवायची आणि प्रोग्रॅम त्याला बरोबर पुढे घेतो का ते पाहायचं. त्या पाच रुग्णांना नावं द्यायची होती. मी बराच वेळ कीबोर्डवर नुसते हात ठेवून बसलो. मग लिहिलं. अळणावर, कंबारगणवी, मुगद, क्यारकोप्प, धारवाड. वेळ चुकली ती अळणावरची, आणि नव्या नियमाप्रमाणे अळणावर रांगेत सगळ्यात पुढे आलं.

पाठवलं तशा पाच लाल ओळी आल्या. पहिला नियम. अज्जाने माझंच वाक्य मला ऐकवलं. प्रमुखाला हवं असेल तर अज्जाचं म्हणणं बाजूला ठेवून तुकडा हाताने मंजूर करता येतो. मी खाली लिहिलं, ‘या एका ठिकाणी अज्जांनी गप्प बसावं अशी माझी विनंती आहे. ही नावं मी जाणूनबुजून दिली आहेत.’ यापेक्षा नीट माफी मला मागता आली नसती. ती हाताने मंजूर करील आणि खाली काहीतरी हळवं लिहील, अशी माझी अपेक्षा होती. कदाचित मला रडूही येईल, अशी मनाची तयारी मी करून ठेवली होती.

समोरच्या शाळेची मधली सुटी झाली, मुलांचा कालवा सुरू झाला. दहा मिनिटांनी शेरा आला. तिच्या नावाने, सातही जणांना दिसेल असा.

‘मंजूर नाही. नावावरून काम कळत नाही. कोणत्या रुग्णाची वेळ हुकली ते नावातच दिसायला हवं. बदला.’

मी तो दोनदा वाचला. पुढेमागे कुठेही ‘सर’ नव्हतं. मी मान वर केली. काचेपलीकडे ती पडद्याकडे बघत बसली होती, कान लाल झालेले, दोन्ही हात टेबलावर घट्ट. मी बघतोय हे तिला कळत होतं. पण ती उठली नाही.

मी पाचही नावं बदलली आणि तुकडा परत पाठवला. लगेच दुसरा शेरा आला की सत्ताविसावी ओळ दोनदा आलीय. बघितलं तर खरंच आली होती. मी ती काढली.